उताऱ्याचं कोंबडं आणि प्रयोगशाळेतला उंदीर

वर्षावासात ग्रंथवाचनासाठी आम्ही चिखली तालुक्यातल्या एका गावच्या विहारात गेलो होतो. वाचन संपलं, वंदना झाली, चहा फिरत होता. तेवढ्यात डी. फार्मसीला शिकणारा एक तरुण उठला. म्हणाला, "दादा, बावीस प्रतिज्ञांमधली तेरावी प्रतिज्ञा प्राणिमात्रांवर दया करण्याची आहे. माझा चुलतभाऊ डोक्याच्या आजाराची जी गोळी खातो, ती कितीतरी उंदीर-ससे मारून तयार झालेली आहे. आम्हाला कॉलेजात तसंच शिकवतात. मग आम्ही बौद्धांनी ती गोळी खायची की नाही?" मागून कोणीतरी बोललं, "म्हणून तर सांगतो, गोळ्या बंद करा अन् सैलानीला न्या." विहारात हशा पिकला. आम्हाला मात्र हसू आलं नाही, कारण त्या चुलतभावाची कथा आम्हाला माहीत होती.

पोरगा पुण्याला कंपनीत कामाला होता. तिथून परत आला तो टॉवरमधून आपल्याला शिव्या ऐकू येतात असं सांगतच. रात्र रात्र झोपेना, आईच्या हातचं खाईना. घरच्यांनी आधी गावचा भगत गाठला. मग उतारा, लिंबू, काळं कोंबडं. मग दुसरा भगत, पुन्हा कोंबडं. मग सैलानी, तिथे तळ ठोकून राहणं. दोन वर्षं गेली, अर्धा एकर गहाण पडला. त्याची आई आम्हाला म्हणाली होती, "भाऊ, सात कोंबड्या गेल्या." ती आकडा विसरलेली नाही, कारण प्रत्येक कोंबडीचे पैसे तिने मजुरीतून दिले होते. शेवटी एका डॉक्टरने स्किझोफ्रेनिया असं निदान केलं आणि गोळी सुरू झाली. दोन-अडीच महिन्यांनी पोरगा ताटावर बसून जेवला.

आता विचार करा. सात कोंबड्यांच्या माना मुरगळल्या तेव्हा तेरावी प्रतिज्ञा कुणाला आठवली नाही. ती आठवली गोळीच्या वेळी. विहारात आम्ही थोडक्यात उत्तर दिलं, पण ते आमचं आम्हालाच अपुरं वाटलं. म्हणून हा लेख.

सैलानीबद्दल आधी स्पष्ट बोलतो, म्हणजे कुणी आमच्या लिखाणाचा भलताच वापर करणार नाही. बुलढाणा तालुक्यात पिंपळगाव सराईजवळचा सैलानी बाबांचा दर्गा महाराष्ट्रभर प्रसिद्ध आहे. होळीच्या सुमारास यात्रा भरते, नारळांची होळी पेटते, अंगावरचे जुने कपडे तिच्यात टाकले जातात. 'बाहेरचं' झालेला माणूस इथे बरा होतो अशी श्रद्धा आहे. येणाऱ्यांत मुसलमान आहेत तसेच हिंदू आहेत आणि, लपवायचं कशाला, घरात बाबासाहेबांचा फोटो असलेले आपलेही लोक आहेत. आमचा वाद दर्ग्याशी नाही. जे लोक दर्ग्याकडे बोट दाखवून स्वतःच्या देवळातल्या अंगात येण्याला 'परंपरा' म्हणतात, त्यांच्या पंगतीत आम्ही बसणार नाही. आमचा प्रश्न साधा आहे. माणूस तिथे का जातो? कारण तिथे दार उघडं असतं, कुणी जात विचारत नाही, कुणी 'पुढच्या मंगळवारी या' म्हणत नाही. महाराष्ट्रात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं मुख्यतः चार ठिकाणी उभी राहिली: ठाणे, येरवडा, रत्नागिरी, नागपूर. त्यातलं विदर्भातलं नागपूर आमच्यापासून तीनशे किलोमीटरहून लांब. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने सांगितलं की स्किझोफ्रेनियासारखे गंभीर आजार असलेल्या चार जणांपैकी सुमारे तिघांना उपचार मिळत नाहीत. ते तिघे जातात कुठे? कुठेतरी जाणारच ना.

कुठेतरी जाणं किती महाग पडतं ते ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतल्या एरवाडीत दिसलं. तिथल्या दर्ग्याच्या आसऱ्याने चालणाऱ्या एका खासगी 'आश्रया'त पहाटे आग लागली. रुग्ण साखळदंडांनी बांधलेले होते, त्यांना पळता आलं नाही. २८ माणसं जळून मेली. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधायला बंदी केली. त्याच्या आधी, डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यावर, २०१३ साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधणं, मारणं त्यात गुन्हा ठरलं. कायदे झाले. पण साखळी सोडल्यावर माणसाच्या हातात काय द्यायचं, हे कायदा सांगत नाही. ते औषध सांगतं. आणि त्या औषधाचा इतिहास आपल्याच मातीतून सुरू होतो.

सर्पगंधा. जंगलात वाढणारं एक लहान झुडूप, ज्याची मुळी औषधी. बिहारकडे तिला लोक सरळ 'पागल की दवा' म्हणत. ती खणणारे, वाळवणारे, बाजारात आणून विकणारे कोण होते? त्यांची नावं कुठल्याही पुस्तकात नाहीत. १९३१ साली दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलिमुज्जमान सिद्दिकी यांनी या मुळीतून काही द्रव्यं वेगळी काढली. त्यातल्या एकाला हकीम अजमल खान यांच्या नावावरून 'अजमलिन' नाव मिळालं. हकीमसाहेब मोठे होते, नाव मिळालं याचा आनंदच आहे. मुळी खणणाऱ्याच्या नावाचं मात्र एकही रसायन नाही, एवढं नोंदवून पुढे जातो. त्याच वर्षी कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ही मुळी वेड आणि रक्तदाब या दोन्हींवर चालते असा लेख लिहिला. मग कर्नल रामनाथ चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कलकत्त्यातच तिचे प्राण्यांवर प्रयोग केले. १९४९ साली मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरचे निष्कर्ष 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापले आणि जगाचं लक्ष इकडे वळलं.

इथे 'आमच्या ऋषींना सगळं माहीत होतं' म्हणणारे लगेच उभे राहतात. जुन्या ग्रंथांत सर्पगंधेचं नाव आहे, हे मान्य. पण नाव असणं वेगळं आणि तपासणं वेगळं. किती मुळी द्यायची, कुणाला द्यायची, दिल्यावर दहातले किती बरे झाले, न देताही किती झाले असते, हे प्रश्न शतकानुशतके कुणी विचारले नाहीत. बुद्धांनी केसपुत्तच्या कालामांना सांगितलं होतं की ग्रंथात आहे म्हणून मानू नका, परंपरेने आलंय म्हणून मानू नका. सर्पगंधेला तो नियम लागू झाला विसाव्या शतकात. आणि तपासल्यावर काय कळलं? गुण कळले तसे दोषही कळले. या औषधाने रक्तदाब फार खाली जातो, काही रुग्ण उदासीनतेत बुडतात, हे तपासणीतूनच कळलं. शंभर टक्के नैसर्गिक म्हणून निर्धास्त विकणाऱ्यांनी हे कधी सांगितलं नसतं.

१९५२ साली स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने या मुळीतला कस, रेसर्पिन, वेगळा काढला. प्राण्याला ते दिलं की तो शांत होई, पण बेशुद्ध होत नसे. झोपेच्या जुन्या औषधांपेक्षा हे निराळं होतं. 'सर्पासिल' नावाने गोळी बाजारात आली. अहमदाबादचे डॉ. आर. ए. हकीम यांनी सर्पगंधा मनोरुग्णांना देऊन पाहिल्याची बातमी अमेरिकेपर्यंत पोचली आणि १९५४ साली न्यू यॉर्कच्या रॉकलंड स्टेट हॉस्पिटलातले नेथन क्लाइन यांनी तिथल्या रुग्णांवरचे परिणाम प्रसिद्ध केले. त्याच काळात फ्रान्समध्ये दुसरं औषध आलं, क्लोरप्रोमाझिन. १९५२ साली पॅरिसमध्ये डेले आणि डेनिकर यांनी ते मनोरुग्णांना दिलं. १९५७ चा लास्कर पुरस्कार ज्यांना मिळाला त्या यादीत लॅबोरी, डेनिकर, लेमन, क्लाइन यांच्यासोबत मुंबईचे वकीलही आहेत.

आता उंदराकडे येऊ, कारण प्रश्न उंदराचा होता.

क्लोरप्रोमाझिन बनवणाऱ्या फ्रेंच कंपनीत सिमोन कुर्वाझिए नावाच्या बाई होत्या. त्यांचा प्रयोग साधा होता. पिंजऱ्याच्या तळाला विजेचा झटका देता येई. आधी घंटी वाजे, मग झटका बसे. उंदीर शिकला की घंटी वाजताच दोरीवर चढून बसायचं. मग त्याला औषध दिलं. घंटी वाजली तरी तो हलेना. पण झटका बसला की चढे. म्हणजे पाय शाबूत होते, अंगात ताकद होती. फक्त घंटीची भीती सुटली होती. ज्या आईने आपल्या पोराला टॉवरकडे बघून थरथरताना पाहिलंय तिला या प्रयोगाचा अर्थ समजावून सांगायला लागत नाही.

दुसरी गोष्ट सशाची. स्वीडनच्या अर्विद कार्लसन यांनी १९५७ साली सशांना आपल्याच सर्पगंधेतलं रेसर्पिन टोचलं. ससे कान पाडून निपचित पडले. मग त्यांना एल-डोपा नावाचं द्रव्य दिलं. काही मिनिटांत ससे कान उभारून हिंडू लागले. मेंदूत डोपामिन नावाचं रसायन स्वतंत्रपणे काम करतं, हे त्यातून उलगडत गेलं. पार्किन्सनच्या रुग्णांना त्याचा थेट फायदा झाला. १९६३ साली त्यांनीच उंदरांवरच्या प्रयोगांतून सुचवलं की स्किझोफ्रेनियाची औषधं डोपामिनचा रस्ता अडवत असावीत. २००० साली त्यांना नोबेल मिळालं. स्किझोफ्रेनियाबद्दल आज जे काही थोडंफार कळतं, त्याची एक मोठी वाट मुळी खणणाऱ्या त्या अनामिक हातांपासून या सशाच्या कानांपर्यंत जाते.

मग हिंसेचं काय? इथे बाबासाहेबांकडेच जावं लागतं. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अहिंसेवर लिहिताना बाबासाहेबांनी दोन गोष्टी वेगळ्या केल्या आहेत: मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज. जिथे नुसती इच्छा आहे, तिथे बुद्धांचा निषेध आहे. यज्ञातला पशू त्यात येतो. बुद्धांनी अहिंसा हे तत्त्व म्हणून सांगितलं, जैनांसारखा जखडून टाकणारा नियम म्हणून नाही, आणि तत्त्व माणसाला स्वतः विचार करायला मोकळं ठेवतं, असं बाबासाहेबांचं म्हणणं आहे. हे प्रकरण आपल्या विहारांत वाचलं जातं, पण भराभरा. थांबून वाचा.

या कसोटीवर उताऱ्याचं कोंबडं तपासा. ते मारून कुणाला काय कळलं? पहिलं कोंबडं फुकट गेलं म्हणून दुसरं थांबलं का? भगताने वहीत लिहिलं का की अमक्याला काळं कोंबडं दिलं, गुण आला नाही? सातवं कोंबडं पहिल्याइतकंच आंधळेपणाने मेलं. यज्ञातला पशूही असाच मरत होता. प्रयोगशाळेतल्या उंदराचा मृत्यू वेगळा ठरतो तो एकाच अटीवर: त्यातून काहीतरी कळलं पाहिजे, ते लिहिलं गेलं पाहिजे, आणि एकदा कळलेलं पुन्हा कळण्यासाठी दुसरा उंदीर मारला जाता कामा नये. ही अट पाळली नाही तर प्रयोगशाळाही यज्ञकुंडच. हे आम्ही गंमत म्हणून लिहीत नाही. १९५९ साली रसेल आणि बर्च या दोन इंग्रज संशोधकांनी हाच मुद्दा मांडला की प्राण्याला पर्याय शोधा, संख्या कमी करा, वेदना कमी करा. आपल्याकडे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणारी समिती आहे. २०२३ च्या मार्चमध्ये भारत सरकारने औषध चाचण्यांच्या नियमांत बदल करून प्राण्यांऐवजी पेशी, संगणक वगैरे पद्धतींना वाट मोकळी केली.

आणि प्रयोगशाळेनेही आंधळेपणा केलाय, तो झाकायचा नाही. १९३५ साली लंडनच्या परिषदेत दोन चिंपांझींची हकीकत सांगितली गेली. मेंदूच्या पुढच्या भागावर शस्त्रक्रिया केल्यावर त्यातली एक चिडकी मादी शांत झाली होती. त्याच वर्षी पोर्तुगालच्या मोनीझ यांनी माणसांच्या मेंदूवर शस्त्रक्रिया सुरू केल्या, १९४९ साली नोबेलही घेतलं, आणि हजारो माणसं त्या शस्त्रक्रियेने कायमची निर्जीव झाली. एका प्राण्याची शांतता म्हणजे माणसाचं बरं होणं, असं धरलं की हे होतं.

औषधांच्या बाबतीत चूक वेगळ्या वाटेने शिरली. उंदराला आवाज ऐकू येतात का, हे उंदराला विचारता येत नाही. म्हणून शास्त्रज्ञांनी उलटी युक्ती काढली. जुनी औषधं दिल्यावर उंदीर जसा वागतो तसा नव्या औषधाने वागला, तर नवं औषध चांगलं. उदाहरणार्थ, त्याचे पुढचे पाय एका आडव्या दांडीवर ठेवायचे. तो तसाच ताठून राहिला तर औषध 'लागू' झालं. खरं तर हे ताठून राहणं म्हणजे दुष्परिणामाचं लक्षण. याच औषधांनी माणसांचे हात थरथरतात, चेहरा दगडासारखा होतो. वर्षानुवर्षं आपण जणू दुष्परिणामच शोधत बसलो होतो. क्लोझापिन या औषधाने उंदीर ताठून राहत नसे, म्हणून त्याच्या कंपनीतच त्याबद्दल शंका होती. १९७५ साली फिनलंडमध्ये त्याने रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटून काही रुग्ण दगावले आणि ते बऱ्याच ठिकाणी मागे पडलं. १९८८ साली अमेरिकेतल्या चाचणीत दिसलं की इतर औषधांना दाद न देणारे रुग्ण याने सुधारतात. आज ते रक्ततपासणीच्या देखरेखीखाली देतात. दुसऱ्या बाजूने, उंदरांवर छान ठरलेली औषधं माणसांवर आपटली. २०२३ साली उलोटारॉन्ट नावाचं औषध, जे उंदरांच्या वागण्यावरूनच निवडलं गेलं होतं, शेवटच्या टप्प्यातल्या दोन्ही चाचण्यांत साध्या बिनऔषधी गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. तरी २०२४ साली डोपामिनचा रस्ता थेट न अडवणारं एक वेगळ्या जातीचं औषध अमेरिकेत मंजूर झालं. सत्तर वर्षांनी कुलूप बदललं म्हणायचं.

उंदरानंतर माणूस येतो, आणि तो माणूस कोण असतो हे आपल्याला विचारलंच पाहिजे. २००५ साली 'ब्रिटिश जर्नल ऑफ सायकिअॅट्री'त रिस्पेरिडोन या औषधाची चाचणी छापली गेली. आजार स्किझोफ्रेनिया नव्हता, तीव्र उन्माद होता. सुमारे तीनशे रुग्ण, सगळे भारतातले. त्यातल्या निम्म्यांना औषधाऐवजी नकली गोळी दिली गेली. इतक्या आजारी माणसाला औषधाविना ठेवणं योग्य का, आणि त्याने दिलेल्या संमतीला काय अर्थ, असे प्रश्न तेव्हाच विचारले गेले. २०१० साली आंध्रातल्या भद्राचलम भागात आणि गुजरातेत वडोदऱ्याकडे मुलींना दिलेल्या एचपीव्ही लसीचा प्रकल्प थांबवावा लागला. त्यात आदिवासी मुली होत्या आणि त्यांच्या संमतीच्या कागदांवर वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या. पिंजऱ्यातल्या उंदराची बाजू घेऊन विहारात उभा राहणारा आपला तरुण या कागदांची बाजूही वाचो, एवढंच आमचं मागणं.

शेवटी उंदरांचा आणखी एक प्रयोग सांगतो, तो आम्हाला झोपू देत नाही. एका उंदराला दुसऱ्या दांडग्या उंदराच्या पिंजऱ्यात सोडतात. मूळचा दांडगा त्याला चावतो, दाबतो, कोपऱ्यात बसवतो. असं रोज. काही दिवसांनी हरलेल्या उंदराच्या मेंदूतलं डोपामिनचं कामकाजच बदलतं. याला 'सोशल डिफीट' म्हणतात, म्हणजे चारचौघांत होणारी हार. २००५ साली सेल्टेन आणि कॅन्टर-ग्रे या दोघांनी त्यावरून एक मांडणी केली. युरोपात काही स्थलांतरित समाजांत, विशेषतः इंग्लंडमधल्या कॅरिबियन काळ्या लोकांत, स्किझोफ्रेनियाचं प्रमाण जास्त आढळतं. बाहेरचा म्हणून सतत हिणवलं जाणं हे त्याचं एक कारण असावं, असं त्यांचं म्हणणं. जातीमुळे स्किझोफ्रेनिया होतो असं आम्ही म्हणत नाही. तो आजार ब्राह्मणाच्या घरातही होतो, त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. पण चोखोबांचं मेहुणाराजा ज्या जिल्ह्यात आहे त्या जिल्ह्यात, दुसऱ्याच्या पिंजऱ्यात कोपऱ्यात बसवलेल्या जिवाचं काय होतं, हे समजायला आपल्याला उंदराची गरज कधीच नव्हती. उंदराने एवढंच केलं की आपण सांगितलेलं मोजून दाखवलं.

त्या तरुणाला आम्ही नंतर फोन केला. त्याने गोळी बंद करू नकोस असं भावाला सांगितलंय, पण भावाचे हात थरथरतात, तोंडात लाळ साठते आणि गावात लोक हसतात म्हणून तो मध्येच गोळी चुकवतो. डॉक्टरांना हे सांगून मात्रा बदलून घेता येते, ते आम्ही त्याला सांगितलं. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात ही गोळी दोन महिने आलेली नाही, बाहेरून घ्यावी लागते. त्याने माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहिला आहे: गेल्या बारा महिन्यांत मनोविकाराची कोणकोणती औषधं किती आली, कधी संपली, मानसोपचारतज्ज्ञ किती दिवस हजर होते. अर्जावर दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावलंय. येत्या सोमवारी आम्ही दोघं जाऊन तो देणार आहोत. भावाची आईही येते म्हणाली.